चौकटीतलं तण

चौकटीत काहीच नव्हतं. यशोधराने वाकून पाहिलं, मग शेजारच्या चौकटीत पाहिलं. तिथंही नुसती बाजरीची ताटं आणि भुसभुशीत माती. वीसच्या वीस चौकटी कुणीतरी साफ खुरपून काढल्या होत्या.

चौऱ्याण्णव सालचा भादवा. नगरहून पहिली एसटी धरून ती नेवाशाजवळच्या या शेतावर आली होती आणि अकराच्या गाडीने तिचे मार्गदर्शक सर यायचे होते. एमएस्सीच्या प्रबंधाचं नाव होतं ‘बाजरीच्या पिकातील तण’. किती प्रकारचं तण उगवतं आणि संकरित बियाणं आल्यापासून त्यातलं काय नाहीसं झालं, एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी तिने खुंट्या ठोकून, सुतळी ताणून एकेक मीटरच्या चौकटी आखल्या होत्या. आज शेवटची मोजणी. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळायची नव्हती. आणि तण पुन्हा उगवायचं तर पुढचाच पावसाळा!

तिने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. ती बांधाच्या या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. एका चौकटीपाशी बसली, परत उठली. एखादं रोप तरी चुकून राहिलं असेल? छे! काम करणारा हात पक्का होता.

तेवढ्यात शेताची मालकीण लंकाबाई पदराला हात पुसत आली. चेहरा कसा खुलला होता, लेकीचं लग्न नुकतंच पार पाडल्यासारखा.

“मावशी, हे कुणी केलं?”

“म्याच की! काल म्हणलीस ना, तुझं सर बघाया येणार हायेत. बाकीचं रान झालं हुतं खुरपून, ह्या दोरीतलंच तेवढं ऱ्हायलं हुतं. असं गबाळ दाखवायचं व्हय मान्साला? लाज वाटली मला.”

आता हिच्यावर ओरडावं तरी कसं? चूक यशोधराचीच होती आणि तेच तिला जास्त झोंबलं. चौकटींना हात लावू नका, असं तिने लंकाबाईच्या मुलाला बजावलं होतं, औत हाकणाऱ्या रंगनाथला बजावलं होतं. खुरपं जिच्या हातात, तिलाच सांगायचं राहिलं होतं.

“मला तेच मोजायचं होतं हो, मावशी. माझं वर्ष गेलं.” तिला रडूच फुटलं.

“अगं बया!” लंकाबाईचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. तिने पोरीचं मनगट धरलं आणि ओढतच छपरात नेलं.

ओल्या गोणपाटाखाली ओळीने वीस ढीग होते. प्रत्येक ढिगात बारक्या बारक्या जुड्या, मुळांसकट.

“दोरीनं येगळं केलंस, म्हंजी येगळंच लागत आसंल. म्हनून मिसळलं न्हाई,” लंकाबाई म्हणाली आणि एकेक जुडी उचलायला लागली. “ही घोळ. हा तांदुळजा. ही पाथरी, लई ग्वाड लागती. ही दुधी, बाळंतिनीला. माका, क्येसाला. हे शेळीचं.”

यशोधराने डोळे पुसले, वही उघडली आणि मांडी ठोकून बसली. मोजत गेली, लिहीत गेली. तिच्या यादीत चौदा नावं होती. अकराव्या ढिगापाशीच ती बावीस झाली. मोजणी संपली तेव्हा सडकेवर गाडीचा हॉर्न वाजला. ती घाईने उठली आणि तिच्या मनात एकदम पाल चुकचुकली.

“मावशी, सगळं तण आहे ना इथं? त्यातलं काही फेकलं तर नाहीत?”

“तण व्हय?” लंकाबाई हसली. “तण कशाला घरी आनीन? गाजरगवताची चार रोपं हुती कडंच्या चौकटीत, ती दिली बांधाभाईर फेकून. बाकी तुझ्या दोरीत तण न्हवतंच की, बाय!”