वाटीभर भुसा

सासरे कपड्यांसकट कमोडवर बसले आणि दुकानातली चार माणसं जागीच थबकली.

"बैठक दीड इंच उंच आहे," त्यांनी निकाल दिला. मग ते उठले, कानामागची पेन्सिल काढली, खिशातली घडीची पट्टी उलगडली आणि झाकण, बिजागरी, मागची फळी असं सगळं मोजून घेतलं. पंचेचाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. दुसऱ्याच्या कामात खोट सापडली की त्यांना दोन घास जास्त जात. सून शेजारी पिशवी धरून उभी होती.

घरची सेप्टिक टाकी फुटली होती. नवी खणायला अंगणात एकच जागा होती, आणि नेमकी त्याच जागेवर सासऱ्यांची सुतारकामाची शेड उभी होती. मुलगा म्हणाला होता, "बाबा, शेड राहू दे. हल्ली बिनपाण्याचा संडास मिळतो. त्याला टाकीच लागत नाही." त्यावर सासरे असे भडकले की विचारता सोय नाही. "माझ्या चार अवजारांसाठी घरादाराने गैरसोय सोसायची? माझ्यावर दया नको. पाडा ती शेड!"

त्या दिवसापासून त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्या बाजूची खिडकीसुद्धा ते लावून घेत. जेवताना मात्र त्यांचा अंगठा टेबलाची कड चाचपत राही, कुठे रंधा मारायला हवा ते शोधत. सुनेला ते बघवत नसे.

आज ते आले होते ते फक्त 'नाही' म्हणायला. "एकदा बघून नाही म्हणा, मग खुशाल गवंड्याला बोलावू," असं म्हणून सुनेनेच त्यांना आणलं होतं.

"काम झालं की वाटीभर भुसा टाकायचा, काका," दुकानदार समजावत होता. "वास नाही, पाणी नाही. खालचा डबा भरला की अंगणातल्या खड्ड्यात रिकामा करायचा आणि झाकून ठेवायचा. वर्षभराने झाडांना खत."

"हं. म्हणजे मांजराची पद्धत," सासरे म्हणाले.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. दुकानदाराने घाईघाईने एक पिशवी पुढे केली. "पहिला भुसा आमच्याकडून भेट."

सासऱ्यांनी चिमूट घेतली. बोटांत चोळली. हुंगली. आणि त्यांचा पारा सर्रकन चढला.

"याला भुसा म्हणता? अहो, ही प्लायवूडची धूळ आहे! निम्मा गोंद आहे यात. हे खत झाडांना घालणार? भुसा हवा मऊ लाकडाचा, कोरडा, करवतीखाली पडलेला. त्यात रंध्याच्या ढलप्या मिसळायच्या, म्हणजे आत हवा खेळते. आयुष्यभर पोत्यापोत्याने झाडून टाकला मी तो. आणि तुम्ही मला ही भुकटी दाखवता?"

गिऱ्हाइकं आता नळ आणि फरश्या सोडून त्यांच्याभोवती जमली होती. एकाने तर कोणतं लाकूड बरं, तेही विचारून घेतलं. सासऱ्यांची कळी खुलली होती. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांना कामातलं काही विचारत होतं.

"पण बाबा, असला भुसा रोज आणायचा कुठून?" सुनेने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. आपण पाण्याचाच घेऊ. गवंड्याला उद्याच शेड पाडायला बोलावते."

"खबरदार!" सासरे गरजले. "शेड पाडली तर घराचा संडास चालायचा कसा?"

दुकानदार काही बोलायला गेला. सुनेने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि सासऱ्यांना दुकानाबाहेर काढलं.

"अगं, घरी पोचवायला सांगून यायचं ना," सासरे वाटभर कुरकुरत राहिले. "बैठकीचं मी बघून घेतो. दीड इंच कापायला कितीसा वेळ लागतो?"

घरी आल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तडक शेड गाठली, दार ढकललं आणि करवतीकडे हात नेला. तो हात तसाच राहिला. मधोमध, त्यांच्याच जुन्या चादरीखाली, काहीतरी झाकून ठेवलं होतं. त्यांनी चादर ओढली. दुकानात मोजला होता तसाच कमोड, नवाकोरा.

"हा कधी आला?"

"आठ दिवस झाले," दारातून सून म्हणाली. "तुम्ही रुसून इकडे फिरकत नव्हता ना बाबा, म्हणून इथेच लपवला."