जुळलेला पडदा

"आवाज आला की बटण दाब," नर्स म्हणाली आणि काचेचं दार लावून बाहेर बसली. कानांवर हेडफोन लावून ऑर्लिन वाट पाहत राहिला. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग नर्सच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, की मघापासून वाजत होतं.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा धरून पाहिलं. "पडदा सुरेख जुळलाय. तुझ्या भावापेक्षाही छान."

"मग ऐकू का येत नाही?"

"पडदा मी नवा बसवला. आतली नस समुद्रानं आधीच खाल्ली होती. तिला इलाज नाही."

मध्य अमेरिकेतल्या मिस्किटो किनाऱ्यावरचे हे दोघे चुलतभाऊ शेवंडी धरायला एकाच बोटीवरून बुड्या मारायचे. बारा वर्षांपूर्वी कान एकाच हंगामात फुटले, ऑपरेशनही एकाच दिवशी झालं. रेंडेलचा पडदा वेडावाकडा जुळला होता, पण त्याला सगळं ऐकू येत होतं. तेवढं कळताच, पुढचं ऐकायला न थांबता तो बाहेर पळाला होता.

"त्याला सांग," बाई ऑर्लिनसमोर वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "पाण्यात उतरायचं नाही. कधीच. पुन्हा फाटला तर तुझ्यासारखं होईल."

बाकीचं ऑर्लिननं ओठांवरून ओळखलं; 'तुझ्यासारखं' तेवढं त्याला लख्ख ऐकू आलं.

बंदराच्या धक्क्यावरून जाताना रेंडेलच्या तोंडाला खळ नव्हता. "दादा, मागून नारळाचा पाव विकणारी येतेय. न बघता सांगतो. आणि बायको घोरते रे माझी! बारा वर्षांत पत्ता नव्हता."

त्याच्या ओठांकडे बघत ऑर्लिन योग्य जागी हसला. पडदा माझा चांगला, आणि घोरणं याला ऐकू येतं.

बोटीवर हवेच्या टाक्या चढत होत्या. कप्तानानं पाठमोऱ्या रेंडेलला हाक मारली. "एक माणूस कमी आहे. येतोस?"

रेंडेल चटकन वळला, मग भावाकडे पाहू लागला. "दादा, बुडी मारण्याबद्दल बाई काही बोलल्या का?"

ऑर्लिनला त्याच्या ओठांवरचा शब्दन् शब्द कळला. त्यानं कानामागे हात धरला.

"काय?"

रेंडेल जवळ आला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून, कानाशी तोंड नेऊन, त्यानं तोच प्रश्न एकेक शब्द सुटा करत पुन्हा विचारला. अर्ध्या धक्क्यानं तो ऐकला.

ऑर्लिन कानामागे हात धरून तसाच उभा होता.