गावाची मागणी

मुलाखतीच्या खोलीबाहेर फ्लोरिनाचा नंबर चौथा होता, आणि तिच्यामागे गावची सात माणसं उभी होती.

बाकीचे उमेदवार एकेकटे आले होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. फ्लोरिनाच्या आईच्या मांडीवर पावांची टोपली होती. मामाच्या हातात फुलं बांधलेली मेणबत्ती होती. भेट म्हणून आणलेली जिवंत टर्की कोंबडी मात्र फाटकावरच्या पहारेकऱ्यानं अडवली होती, कारण तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं फ्लोरिनाला झालं होतं.

चूक तिचीच. भाषाशास्त्राच्या एम.ए.साठी तिनं अर्ज केला, लेखी परीक्षा पास झाली, तेव्हा आईनं विचारलं, आता पुढं काय? ती म्हणाली, मंगळवारी वाहाकाला, शहरातल्या विद्यापीठात बोलावलंय, मला घेतात की नाही ते तिथं ठरेल. आईनं ते गावात सांगितलं. लेकरू दुसऱ्या घरी जाणार म्हटल्यावर गाव जे करतं, तेच गावानं केलं. गावातल्या विक्तोरिनो आजोबांना पुढं घालून सगळे पहाटेच्या बसनं तिच्यासाठी मागणी घालायला आले.

आजोबांचं वय ब्याऐंशी. गावच्या पोरांसाठी लग्नाची मागणी घालायचा मान त्यांचा. गावच्या जुन्या सापोतेक भाषेतलं ते लांबलचक मागणं आता त्यांच्या एकट्याच्या तोंडात उरलं होतं. हल्ली पोरं परस्पर लग्नं उरकतात, त्यामुळे पंधरा वर्षांत ते कुणी ऐकलंही नव्हतं. फ्लोरिनानं अर्जात तोच विषय लिहिला होता, आणि दोन वर्षं मागं लागूनही आजोबांनी तिला त्यातली एक ओळ ऐकवली नव्हती. कुणासाठी मागायचंय, असं ते विचारायचे. कुणासाठी नाही, नुसतं टिपून घ्यायचंय, असं ती म्हणाली की आपल्या शेळ्यांच्या मागं चालू लागायचे.

तिचं नाव पुकारलं गेलं. तिच्याआधी आजोबा उठले.

"आजोबा, इथं एकेकट्यालाच आत घेतात."

"म्हणूनच इतकी पोरं हात हलवत परत जातात," आजोबा म्हणाले. "स्वतःसाठी स्वतःच मागतं का कुणी? लाज नाही वाटत?"

आत तिघं परीक्षक होते. मधल्या मोंतेसिनोसबाई फार कडक, असं बाहेर सगळे म्हणत होते. त्यांनी आत शिरणाऱ्या वरातीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि दहा मिनिटं आहेत एवढंच सांगितलं. आजोबांनी मेणबत्ती पेटवून टेबलावर ठेवली, टोपी काढली आणि बोलायला सुरुवात केली.

बाईंनी फ्लोरिनाला स्पॅनिशमध्ये भाषांतर करायला सांगितलं.

मागण्याची रीत अशी की आधी आपल्या माणसाचे दोष सांगायचे. फ्लोरिनाला हे ठाऊक नव्हतं. ते तिला तिथंच, भाषांतर करता करता कळलं.

"ते म्हणतायत, ती जेवण करपवते," फ्लोरिना म्हणाली. "मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडते. ते म्हणतायत..." ती थांबली. गाळता आलं असतं. खोलीत सापोतेक येणारं दुसरं कुणी असेल असं दिसत नव्हतं. "बाप गेला तेव्हा ती रडली नाही. अजूनही रडलेली नाही. हे आम्ही तुमच्यापासून लपवत नाही."

मागं आईनं नाक ओढलं. परीक्षकांपैकी कुणी काही लिहीत नव्हतं.

मग आजोबांनी मेलेल्यांना बोलावलं. फ्लोरिनाच्या बापाला, त्याच्या बापाला, त्यांच्या आयांना, ज्यांच्याकडून आजोबा स्वतः हे मागणं शिकले त्या म्हाताऱ्यांना. एकेकाला नावानं हाक मारून ते साक्षीला उभं करत होते, आणि प्रत्येक नावानंतर त्या माणसापुरती जागा सोडून थोडं बाजूला सरकत होते. दोन वर्षं फ्लोरिना ज्याला विषय म्हणत होती, ते हे होतं. हे इतकं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं. आजोबा सरकत सरकत भिंतीला टेकले, तेव्हा टोकाला बसलेल्या तरुण परीक्षकानं नकळत आपली खुर्ची मागं घेतली.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

शेवटी आजोबांचा आवाज अगदी खाली आला. चार ओळी, पुन्हा त्याच चार ओळी, आणि ते थांबले.

"हे काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

त्यातला एकही शब्द फ्लोरिनाच्या ओळखीचा नव्हता. भाषेच्या मुलाखतीत, आपल्याच भाषेपुढं ती अडली होती.

"मला हे येत नाही," ती म्हणाली. "म्हणूनच मी अर्ज केलाय."

बाई म्हणाल्या, यांनाच विचारा याचा अर्थ काय. फ्लोरिना आजोबांकडे वळली, पण ते शेळ्यांच्या बाजारात पन्नास वर्षं घासाघीस केलेला माणूस. स्वच्छ स्पॅनिशमध्ये त्यांनी थेट बाईंनाच उत्तर दिलं.

"तेवढं होकार मिळाल्यावर सांगतात, बाई."