ओव्हीदची बोटं

“रुमाल काढ,” ओव्हीदचे ओठ हलले.

आवाज आला नाही. क्षय छातीतून घशात चढला तेव्हाच आवाज गेला होता. क्लोटिल्डने नवऱ्याचे ओठ वाचले आणि त्याच्या पोटावर ठेवलेल्या कॉर्नेटवरून, त्या आखूड पितळी तुतारीवरून, रुमाल उचलला. शेजारी स्टुलावर बसलेला एल्झिअर सावरून बसला. बारा वर्षं तो या माणसाच्या शेजारी बसून बँडमध्ये दुसरं कॉर्नेट वाजवत आला होता. या बारा वर्षांत ओव्हीदची बोटं कळांवर पडताना त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

ओव्हीदची ती खोडच होती. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत वाजवायचा तेव्हापासून उजव्या हातावर रुमाल टाकूनच वाजवायचा. बोटं बघून कुणी आपली चाल उचलेल, ही धास्ती. पुढे शिकागोत आल्यावर ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारे गोरे दारात आले, तर त्यांनाही त्यानं वाटेला लावलं. “तबकडी निघाली की शेंबडं पोरही माझ्यासारखं वाजवेल,” म्हणाला. ज्यांनी तबकड्या काढल्या त्यांची नावं झाली, मोटारी झाल्या. ओव्हीदनं मात्र शेवटपर्यंत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता काळ्या रुग्णांच्या या वॉर्डात चौदा महिने छताकडे बघत पडून असताना त्यानं डोक्यातल्या डोक्यात एक नवी चाल बांधली होती. क्लोटिल्डसाठी. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण खास तिच्यासाठी म्हणून त्यानं कधी काही वाजवलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती दर भांडणात काढायची. ही चाल अजून कुणीही ऐकलेली नव्हती. गुणगुणायला त्याला गळा नव्हता, फुंकायला छाती नव्हती. सूर कागदावर उतरवणं तो कधी शिकलाच नाही. उतरवणाऱ्यांना तो ‘कारकून’ म्हणायचा. उरली होती फक्त बोटं. डॉक्टरनं आठवडाभराची मुदत दिली, तशी क्लोटिल्ड जाऊन एल्झिअरला घेऊन आली. चाल त्याच्या हातात गेली तर वाचणार होती.

“नीट बघ हं,” ती म्हणाली. “नेहमीसारखी डुलकी काढशील.”

“वहिनी, दादांचं वाजवणं लांबलं की मगच डुलकी काढतो मी.”

ओव्हीद हसला. हसण्याचा खोकला झाला. क्लोटिल्डने टॉवेल धरला, त्याचे ओठ पुसले, घडी करून डाग आत घेतला.

मग ओव्हीदने डोळे मिटले आणि बोटं चालू लागली. वाळून काटक्या झालेली बोटं, पण काय चालत होती! कळांचा बारीक टकटक आवाज येत होता. ओव्हीदच्या भुवया वर जात होत्या, मान डोलत होती. एका जागी तर त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

एल्झिअर टक लावून बघत होता. कॉर्नेटला कळा तीन. एकच कळ दाबून ओठांच्या ताणानं चार-पाच वेगवेगळे सूर निघतात. ठाऊक असलेली चाल असती तर बोटांवरून ताडता आली असती. पण कधीच न ऐकलेली चाल नुसती बोटं बघून कशी कळावी? दुसरी कळ तीनदा पडली. ते तीन सूर एकच होते, की वर चढत गेले होते? ते फक्त ओव्हीदच्या ओठांना माहीत होतं, आणि ते ओठ आता कॉर्नेटला लागणार नव्हते. या बोटांवर रुमाल टाकायची कधी गरजच नव्हती, हे एल्झिअरला तेव्हा उमगलं. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

“दादा,” त्यानं हळूच विचारलं, “हा सूर वरचा, की खालचा?”

ओव्हीदची बोटं थांबली. त्यानं डोळे उघडले, वैतागून एल्झिअरकडे पाहिलं आणि स्वतःच्या कानावर बोट आपटलं. ऐकू येत नाही का तुला?

त्याला स्वतःला ऐकू येत होतं. स्वच्छ.

त्यानं पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. या वेळी निम्म्यातच बोटं अडखळू लागली, तरी त्यानं शेवट गाठला. हात चादरीवर पडला. ओठ हलले.

“विचारतायत, आली का?” क्लोटिल्ड म्हणाली.

एल्झिअरने त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

“आली, दादा.”

ओव्हीदचा चेहरा उजळला. त्यानं एल्झिअरचं मनगट धरलं आणि काहीतरी सांगितलं. ते वाचून क्लोटिल्डला कितीतरी महिन्यांनी खुदकन हसू आलं.

“मेली खोड काही जात नाही! म्हणतायत, आता कुणाला दाखवू नकोस. शब्द दे.”

“दिला,” एल्झिअर म्हणाला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. जिन्यापाशी क्लोटिल्डने त्याची बाही धरली.

“रविवारी घरी ये. भेंडी-कोळंबीचं कालवण करते. दारं-खिडक्या लावून घेते. मला एकटीला एकदा ऐकव. माझीच आहे ना ती?”

एल्झिअरने नजर पायऱ्यांकडे वळवली.

“वहिनी, आत्ताच शब्द दिलाय मी त्यांना.”

तिनं बाही सोडली. तिचे डोळे भरून आले. मग तिनं ते पुसले आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

“नको मोडूस मग,” ती म्हणाली. “तुझ्यापाशी आहे ना, तेवढं मला पुरे.”