चुलीपाशी नको

एवढा डोंगर चढून आलो आणि आजी ऐकेचना. मला फोटोत धूर, सुरकुत्या, फाटकी शाल हवी होती. ती शेजारणीचा नवा स्वेटर घालून दारात ताठ उभी. ऊन उतरत चाललं, माझं डोकं फिरलं.

"अहो आजी, चुलीपाशी बसा ना!"

"का? मी काय पातेलं आहे?"

"तसा फोटो खरा वाटतो."

"मागे एकाने तसाच काढला. माझा लेक शहरात ज्या प्रदर्शनाच्या हॉलात झाडू मारतो, तिथेच भिंतीवर मोठा करून लावला. लेक फोनवर रडला. म्हणाला, आई, तुझे असे हाल? नोकरी सोडून येतो."

"मग?"

"आता हसरा काढ, त्याला पाठवायचाय. त्याची नोकरी सुटली की मग ये. तुला हवा तसला आपोआप निघेल."