बारमाही काम

पहिला फटका चष्मेवाल्याच्या उजव्या हातावर बसला आणि बोटांतून असा आवाज आला, की रांगेतल्या दोघातिघांनी तोंड फिरवलं. घण्याने नाही फिरवलं. त्याने चष्मेवाल्याचं मनगट फुटपाथच्या कडेला दाबून धरलं आणि हातोडीचा दांडा पुन्हा उचलला. हातोडी चष्मेवाल्याचीच होती. मजुरांच्या नाक्यावर तशीच रीत होती.

सकाळी सहापासून सगळे आपापलं हत्यार पुढ्यात ठेवून इथे उभे राहायचे. गवंडी, लादीवाले, रंगारी, बिगारी. ठेकेदार आला की प्रत्येकाने दिवसाचे आठशे सांगायचे. त्याखाली कोणी उतरायचं नाही. जो उतरेल त्याला त्याच्याच हत्याराने हाणायचं, पुढचा आठवडाभर ते हातात धरता येणार नाही इतपत. कायमचा अधू करायचा नाही, कारण शेवटी तोही आपल्यातलाच. हाणायचं काम घण्याकडे होतं. त्याला ते कोणी नेमून दिलं नव्हतं, त्याचे दंड बघून ते आपसूक त्याच्या गळ्यात पडलं होतं.

आज चष्मेवाल्याने ठेकेदाराला पाचशे सांगितले. मागे उभ्या असलेल्या रंगाऱ्याने ऐकलं आणि बोंब ठोकली.

"बारा दिवस घरी बसलोय रे," चष्मेवाला कण्हत म्हणाला. "साठी आली माझी. आठशेच द्यायचे तर लोक तरणाताठा गडी नेतील, मला कशाला नेतील? आणि तुला तरी कोण नेतंय? सांग ना, किती दिवस झाले तुला?"

हे बोलला नसता तर म्हातारा दोन फटक्यांवर सुटला असता. घण्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने तिसरा हाणला, चौथा हाणला. चष्मा पायाखाली चुरडला. मग दांडा फेकून त्याने लाथा घालायला सुरुवात केली. "दुसऱ्याच्या पोटावर पाय देतोस? देतोस पाय?" प्रत्येक लाथेबरोबर तो ओरडत होता.

कारण म्हाताऱ्याचं खरं होतं. घण्याने वीस वर्षं घणाने भिंती पाडल्या, नावही त्यावरूनच पडलं. आता त्याचं दिवसभराचं काम विजेचं मशीन तासाभरात उरकायचं. एकोणीस दिवसांत त्याला कोणी हाक मारली नव्हती. आज सकाळी लेकीची वेणी घालता घालता बायको वर न बघता म्हणाली होती, "आज काहीतरी पक्कं काम बघून या. नाहीतर उद्यापासून ही माझ्याबरोबर धुलाईत येईल. सांगून ठेवलंय मी." धुलाईच्या कारखान्यातल्या सोड्याने बायकोच्या हातांची सालपटं निघाली होती. लेक तेरा वर्षांची. ती दप्तर भरत राहिली. घण्याला तिच्याकडे बघवलं नाही.

एवढं होऊनही तो आठशेच्या खाली उतरला नव्हता. एकदासुद्धा नाही. त्याच्याजवळ अभिमान बाळगावा असं तेवढंच उरलं होतं.

शेवटी चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं. म्हातारा रक्त थुंकत भिंतीपर्यंत सरकत गेला. ठेकेदार गाडीत बसून सगळा तमाशा बघत होता. त्याने चार जण निवडले आणि घासाघीस न करता आठशे कबूल केले. टेम्पोत चढता चढता रंगारी घण्याचा खांदा दाबून म्हणाला, "भाऊ, तू आहेस म्हणून आमच्या घरात चूल पेटते."

टेम्पो गेला. ठेकेदाराची गाडी मात्र तिथेच होती. त्याने बोटाने घण्याला बोलावलं.

"काय काम करतोस?"

"भिंती पाडतो, साहेब."

"भिंती पाडायला मशीन आलं. माणसांना उठवायला अजून आलेलं नाही." ठेकेदाराने त्याच्या रक्ताळलेल्या चपलांकडे पाहिलं. "माझ्या साइटवर दीडशे माणसं परवापासून काम बंद करून बसलीत. भाव वाढवून पाहिजे म्हणे. त्यांना उठवायचं, आणि मग पुन्हा बसू द्यायचं नाही. बारमाही काम आहे. पलीकडच्या नाक्यावरचा एक पैलवान तयार आहे, हजार मागतोय. संध्याकाळी येतोय तो."

घण्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. कोणाचंच इकडे लक्ष नव्हतं. तो खाली वाकला आणि त्याने आवाज अगदी बारीक केला.

"त्याला कशाला बोलावता, साहेब? मी सातशेत येतो."