सुरम्याएवढी रेघ

शमुवेलनं गाडीखालचं पोतं ओढून काढलं आणि उन्हात धरून उलटंसुलटं पाहिलं. रात्रभर त्याची जुनी डॉज त्या पोत्यावर उभी होती. पोतं कोरडं ठणठणीत.

"मिस्त्री, थेंब न्हाई एक! आता तळेगावच्या बाजारात कोण हसतंय तेच बघतो."

मीरासाहेब मिस्त्री मात्र हसला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्ही त्यानंच खोलून आठ दिवसांत पुन्हा बांधले होते. तो वाकून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर पाहत होता, आणि सकाळच्या उजेडात त्याला नको तेच दिसलं. पॅकिंगच्या सांध्यातून, गळू नये म्हणून लावलेला मसाला बाहेर आला होता. शेवयीएवढी जाड कड, चारी बाजूंनी.

बाहेर जेवढी आली तेवढीच आतही गेली असणार. आतली कोणाला दिसते? ती गरम तेलात सुटणार, तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसणार, आणि चेंबर तेलानं भरलेलं असताना इंजिन कोरडं पडून मरणार.

बद्रुद्दीन उस्तादाचं सांगणं त्याला पाठ होतं. तेलाच्या सांध्याला शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, पाण्याच्या सांध्याला सफेदा, पेट्रोलच्या सांध्याला साबण. "आन् काईबी लाव, पर सुरम्यावानी लाव. रेघ पुरं. जास्त झालं की डोळाच जातो." इतकी वर्षं त्यानं ते पाळलं. पण मागच्या खेपेला ह्याच गाडीचं चेंबर भर बाजारात गळलं, लोकांनी दात काढले, आणि दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. शेलॅकची बाटली बाजूला सारून त्यानं पुण्याहून आणलेली विलायती मसाल्याची डबी उघडली आणि बोटानं चांगला थापला. गिअरबॉक्सला तेवढा शेलॅकच लावला, अगदी रेघेएवढा. गिअरबॉक्सवर कोणी हसलं नव्हतं ना.

"शमुवेल, जरा ऐक," त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात साळूबाई सुईण पदर सावरत धावत आली. मीरासाहेबाची लेक गुलशन बाळंतपणाला निमोण्याला आली होती, आणि पहाटेपासून अडली होती.

"मिस्त्री, पोराचा हात आधी आलाय. माझ्याच्यानं न्हाई हुयाचं आता. दौंडला डॉक्टरीणबाईकडं न्या तिला. आत्ताच्या आता!"

एसटी पहाटेच गेली होती. गावात दुसरी गाडी नव्हती. चेंबर उतरवून जाळी पुसायची म्हणजे अर्धा दिवस. मीरासाहेबानं तोंड मिटलं. लाज वाटली हे खरंच, पण त्याहून भीती मोठी होती. दौंडपर्यंत तेवढी कड धरून राहू दे, इतकंच त्यानं अल्लाकडं मागितलं.

गुलशनला मागच्या सीटवर साळूबाईच्या मांडीवर निजवलं. मीरासाहेब पुढं बसला. रस्ता त्यानं पाहिलाच नाही. त्याचे डोळे ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर होते. काटा चाळीसवर उभा होता. खड्डा आला की मागून गुलशन ओरडायची, आणि तो काट्याकडंच पाहत राहायचा.

दौंड अकरा मैल राहिलं तेव्हा काटा तिसावर आला. मग पुन्हा चढला. मीरासाहेबानं श्वास सोडला. दौंड सात मैल. काटा वीस, मग दहा, मग थरथरत पार तळाला टेकला.

"मिस्त्री, काटा बसला की वो," शमुवेल म्हणाला. "आन् तेल तर सांडलं न्हाई कुठं. थांबवू?"

मागं ऐकू जाऊ नये म्हणून मीरासाहेब शमुवेलच्या कानाशी वाकला. "मसाला माझ्या हातनं जास्त पडला. जाळी बुजलीया. सकाळीच कळलं हुतं मला. आता थांबलास तर इंजन वाचंल."

"आन् न्हाई थांबलो तर?"

"इंजन जाणार. दौंड गाठायच्या आधी का नंतर, ते न्हाई सांगता यायचं."

ह्या गाडीवरच शमुवेलच्या घरची चूल पेटत होती. त्यानं मीरासाहेबाकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं, असं मीरासाहेबाला वाटलं. मग शमुवेलनं वरच्या आरशात पाहिलं. गुलशननं साळूबाईचं मनगट दातांत धरलं होतं, आणि साळूबाई ते धरू देत होती. शमुवेलनं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला नाही.

पुढच्या चढाला इंजिनात ठोका सुरू झाला. आधी बारीक, कोणी दारावर बोटानं वाजवावं तसा. मग मोठा होत गेला आणि पायाखालचा पत्रा हादरायला लागला. प्रत्येक ठोक्याला मीरासाहेबाला वाटायचं, हा शेवटचा. दौंड चार मैल.

कळ जरा ओसरली तशी गुलशननं मान उचलली.

"अब्बा, काय वाजतंय वो हे?"

मीरासाहेबानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता.

"इंजन नवं हाय, पोरी," शमुवेल समोर बघत म्हणाला. "तुझ्या बानं बांधलंय. नवं असलं म्हंजी वाजतं जरा."